तुफानात मांडलेली भांडी

वाटूरच्या फाट्यावर मला निरोप द्यायला अर्धं गाव जमलं होतं. बियाण्यांच्या कंपनीच्या नोकरीसाठी मी बायको शैलासह फिलिपिन्सला निघालो होतो. गाडी सुटता सुटता आबांनी खिडकीला धरून विचारलं, "आरं, तिकडं पानी हाय का बराबर?"

सात हजार बेटांच्या देशात!

मंडळी, पाणी आहे. पूर्वेला अथांग महासागर. तो तापला की वादळं जन्मतात आणि पश्चिमेला निघतात. वाटेत पहिलं घर आमचं. शिवाय खाली जमिनीचे तुकडे एकमेकांना ढुसण्या देतात, म्हणून भूकंप वेगळे.

पहिल्या वादळाची सूचना आली, तेव्हा सगळी गल्ली छतं दोरांनी बांधत होती. मी मात्र हरखलो. टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या वाटूरचा माणूस! "शैला, जल्दी भांडी काढ!" हंडे, बादल्या, कुकरसुद्धा आम्ही अंगणात मांडला. समोर राहणाऱ्या घरमालकीण लोर्नाबाई, निवृत्त शिक्षिका, हातातला दोर विसरून बघत राहिल्या.

हंड्यात पाणी पडायच्या आत हंडाच उडाला आणि खिडकी फोडून थेट लोर्नाबाईंच्या स्वयंपाकघरात उतरला.

"महिनाअखेर घर खाली करा," वारा थांबताच त्या म्हणाल्या.

जाणार कुठं? निम्मी गल्ली बिनछताची झालेली.

तिसऱ्या दिवशी मदतीचा टँकर आला. चहूकडे पाणी, पण पिण्याजोगा थेंब नाही. मदत समितीच्या प्रमुख लोर्नाबाईच. पण टँकरची सवय कुणाला? लोक तुटून पडले, अर्धं पाणी चिखलात. शैलानं ओढणी खोचली. "अहो, बघत काय उभं राह्यले? हे आपलं काम हाय!"

मंग काय! रांग माणसांची नाही, भांड्यांची. तान्ही लेकरं आणि म्हातारी माणसं असलेली घरं आधी. पाइप एकट्या माझ्या हातात, आणि घुसणाऱ्यासाठी शैलाचे डोळे. शेवटची घागर भरेपर्यंत पुढे थेंब सांडला नाही.

टँकर गेल्यावर लोर्नाबाई आल्या. मी घराची किल्ली पुढे केली.

"ठेव ती," त्या म्हणाल्या. "पुढच्या वादळात रांग तूच लावायची. आणि दोर बांधायला शीक."

आबा, तुम्ही फोनवर विचारता, घरी कधी येतोस. दिवाळीला येतोच. पण आता इथंही घर आहे. वादळाची सूचना आली की त्याचं छत मी स्वतः बांधतो. मग लोर्नाबाई येतात, माझ्या सगळ्या गाठी सोडतात आणि पुन्हा बांधतात.