लग्नाऐवजी करार

आमची लग्नाची नोटीस नोंदणी कार्यालयाच्या फळ्यावर महिनाभर राहायची होती. तो ख्रिस्ती, मी सांडोरच्या केळीच्या वाड्या असलेल्या हिंदू घरातली. धर्म दोघांनाही बदलायचा नव्हता, म्हणून नोंदणी. पण त्याच आठवड्यात गावातल्या कुणीतरी ती वाचली आणि दादाच्या कानावर घातली.

दादानं मला वाडीतल्या खोलीत कोंडलं आणि दोरानं झोडपलं. "कोन लागतो तो तुझा? बोल, कोन?" मी बोलू शकत नव्हते, ओठ दातांनी फाटला होता. दुसऱ्या दिवशी दादा बाजाराला गेला तेव्हा आईनं बाहेरची कडी काढली. मी तडक त्याच्याकडे गेले आणि तिथून आम्ही दोघं एका वकीलबाईंकडे.

वकीलबाईंनी आधी माझ्या पाठीचे फोटो काढायला लावले. मग म्हणाल्या, "ती नोटीस सोडून द्या, त्या तारखेला दादा दारातच उभा असेल. लगेच दुसरी दिलीत तर पुन्हा तोच फळा. तोवर एकत्र राहण्याचा करार करून ठेवा."

"म्हणजे लग्नच ना?" त्यानं विचारलं.

"नाही. यानं नवरा-बायको होत नाही, वारसाहक्कही मिळत नाही. बाहेर काही देशांत लग्नाशिवाय कायदेशीर जोडीदार होता येतं, आपल्याकडे तसा कायदाच नाही. दोघं सज्ञान आहात आणि राजीखुशीनं राहताय, एवढंच हा कागद सांगेल."

आम्ही सह्या केल्या आणि गावापासून लांब, फुलपाड्यात खोली घेतली.

एका दुपारी दादा पत्ता काढत चुलतभावाला घेऊन आला. हातात केळीचा घड उतरवायचा कोयता. दादाचा माझ्यावरचा वार माझ्या जोडीदारानं डाव्या हातावर घेतला. दोन बोटं कातड्याला लोंबत राहिली. मी गॅसवरचा कुकर उचलून दादाच्या तोंडावर हाणला. जबडा मोडल्याचा आवाज आला. तो खाली पडला तरी मी हाणतच होते. शेवटी शेजारणीनं मला मागून कव घालून ओढलं.

चुलतभावानं चौकीत सांगितलं, मुलीला फूस लावून पळवलंय. फौजदारानं करार दोनदा वाचला. "लग्न नाही झालं?"

"नाही. पण मी माझ्या पायानं आलेय. तसं लिहिलंय."

पळवल्याची तक्रार तिथंच बारगळली. दादावर कोयत्याचा गुन्हा लागला, माझ्यावर कुकरचा.

इस्पितळात मात्र तो कागद कुणी हातातही धरला नाही. ऑपरेशनच्या सहीसाठी रक्ताचं माणूस हवं होतं. अखेर त्याची आई वसईहून आली. तोवर तिनं माझं तोंडही पाहिलं नव्हतं. सही करून ती माझ्याजवळ बसली. "तुझा हात भाजलाय गो," म्हणाली आणि नर्सला हाक मारली.

बोटं गेलीच. जखम भरल्यावर आम्ही पुन्हा नोटीस दिली. तो महिनाभर मी उशाशी मुसळ घेऊन झोपले. कुणी आलं नाही. लग्न लागलं, साक्षीदारांत त्याची आई होती.

खटले वर्षानुवर्षं चालले, मग दोन्हीकडच्या वकिलांनी मिटवले. दादा आता पातळ भातच खातो, असं आई सांगते. मी ऐकून घेते.