झिऱ्याची जागा

धरणाच्या फुगवट्यात गेलेल्या एका गावातली चाळीसेक घरं आमच्या गायरानावर आणून वसवली, तेव्हा स्वागताचं मानपत्र मी लिहिलं होतं. मी धुळ्याच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. आमचं गाव यावलजवळ, केळीच्या पट्ट्यात. तिथे केळी न लावणारा माणूस रिकामा समजला जातो, म्हणून मानपत्रं, लग्नपत्रिका आणि श्रद्धांजलीचे फलक माझ्याकडे येतात. 'आमच्या गावचं पाणी ते तुमचं पाणी,' असं मी लिहिलं. माझ्या थोरल्या भावाने, ज्याला सगळं गाव नाना म्हणतं, ते माइकवर वाचलं. समारंभाच्या प्रमुख पाहुण्यांनी वस्तीच्या नव्या टाकीचा नळ सोडला, पाणी आलं, टाळ्या झाल्या. ते पाणी सकाळीच टँकरने टाकीत चढवलं होतं. त्यानंतर टाकीने पाणी पाहिलं ते पावसाळ्यात, तेही झाकण बसवायचं राहिलं म्हणून.

ही माणसं तापीकाठची, अहिराणी बोलणारी. 'आहे'ला 'शे' म्हणतात, म्हणून आमच्या गावाने त्यांना 'शे-शेवाले' नाव ठेवलं. वर्षभरात गावाला दोन गोष्टी कळल्या. घड कापायला आणि ट्रक भरायला आता फैजपूरहून माणसं आणावी लागत नाहीत, ही एक. आणि शे-शेवाले आल्यापासून गाव बिघडलं, ही दुसरी. दोन्ही गोष्टी एकच माणूस एकाच कप चहात सांगायचा. किराणा दुकानाला दुसरं शटर लागलं. दुकानाचे शेठ मात्र त्यांना 'पाहुणे' म्हणत. शेठजींचे पणजोबा राजस्थानातून आले, तेव्हा गावाने त्यांनाही काहीतरी नाव ठेवलं असणारच.

गायरानावरच्या बाभळी तुटल्या, त्याही यांच्याच नावावर. चुलीसाठी लाकूड ते नेत, खोटं नाही. पण गायरानाचा उताराकडचा अर्धा भाग ते येण्याआधीच केळीखाली गेला होता, आणि त्यातले तीन बिघे आमच्या नानाचे होते. गुरांना चरायला जागा उरली नाही, हे गावाच्या लक्षात यायला बाहेरची माणसं यावी लागली.

टाकी कोरडी, तर ही माणसं पितात काय, हे मला अक्काने दाखवलं. अक्का त्या वस्तीतली सगळ्यात म्हातारी बाई. नानाच्या बागेत केळीच्या बुंध्याशी फुटणारी पिलं काढायला यायची, तिथली आमची ओळख. मार्चमधल्या एका रविवारी तिने मला वस्तीमागच्या नाल्यात नेलं. सातपुड्यातून येणारा हा नाला दिवाळीनंतर कोरडा पडतो. वळणावर करंजाच्या सावलीत तिने काटेरी फांदी बाजूला केली. खाली वाळूत खणलेला खड्डा, कडेने दगड रचलेले, आणि आत काचेसारखं पाणी.

"झिरा शे," ती म्हणाली. "वाळू ओली दिखनी, खंदी पाह्यं."

नदीत असे झिरे खणतच त्यांचं आयुष्य गेलेलं. रीतही तिकडचीच. येणाऱ्या बाईने आधी साचलेलं पाणी उपसून शेळ्यांच्या खळग्यात टाकायचं, नवं पाझरेपर्यंत बसून राहायचं, मग नारळाच्या नरोटीने आपला हंडा भरायचा. घाई असलेल्या माणसाला तिथे पाणी मिळतच नाही. अक्काने मला नरोटीभर पाणी दिलं आणि म्हणाली, "भाऊ, ही जागा कोनले सांगू नको."

"मी कोणाला सांगणार, अक्का?"

त्याच दुपारी जेवताना मी नानाला सांगितलं. एरवी नाना माझं बोलणं, शेजारच्या घरातला रेडिओ ऐकावा तसं ऐकतो. त्या दिवशी त्याचा घास हातात राहिला.

"किती हात खाली लागलं?"

"दीडेक हात. पण मुद्दा तो नाही नाना, सामुदायिक व्यवस्थेचं..."

"ऐन मार्चात?"

"ऐन मार्चात."

"कोणत्या वळणावर रे?"

भावाला आयुष्यात पहिल्यांदा माझ्या विषयात रस वाटतोय, असं मला वाटलं. मी ताटात वरणाने नाला काढला, वळण काढलं, करंजाच्या जागी भाताचं शीत ठेवलं.

मे महिन्यात गावी गेलो तेव्हा वळणावर नानाचे दोन बोअर झाले होते. नानाचं पाहून आणखी तिघांनी मशीन आणलं होतं. काळे पाइप नाल्यातून वर केळीत गेले होते. झिऱ्यात अक्का कमरेइतकी खाली उभी होती आणि फावड्याला कोरडी वाळू लागत होती.

"कोनी सांगं व्हई, भाऊ?" तिने आतूनच विचारलं.

"पाणी शोधायला पाणाड्या आणला असेल नानाने."

तिने फावडं पायाखालच्या वाळूवर टेकवलं. मग म्हणाली, "पानाड्या हातवर नारय लिसन फिरस. तुन्हा भाऊ फावडं लिसन उना. सरळ आठे."

घरी येऊन मी नानाशी भांडलो. तो सुपारी कातरत होता.

"नाला काय त्यांच्या बापाचा आहे? आणि मानपत्र कोणी लिहिलं होतं? आमचं ते तुमचं. मग त्यांचं ते आपलं झालं की."

"ते त्यांचं पिण्याचं पाणी होतं, नाना."

"मग मी काय राक्षस आहे? माझ्या बोअरवरून नळ देतोय वस्तीला. संध्याकाळी एक तास, लाइट असली तर. सरपंच येणार आहेत उद्घाटनाला. तू जरा फलकाचा मजकूर लिहून दे."

मी लिहून दिला. 'जलदान' हा शब्द नानाने घातला, शुद्धलेखन मी तपासलं. फलकावर अकरा नावं आहेत. वस्तीतलं त्यात एकही नाही. समारंभाच्या फोटोत नळाभोवती मागच्या रांगेत हंडे घेऊन उभ्या आहेत त्या बायका त्यांच्याच. अक्का त्यात नव्हती.

जूनच्या सुरुवातीला, परत निघायच्या दिवशी, मी तिला शोधत नाल्याने वर गेलो. खरं सांगून टाकायचं ठरवलं होतं. बरंच वर, जिथे बोअरचे पाइप संपतात, तिथे ती फावडं घेऊन काठाकाठाने वाळू पायाने दाबत चालली होती. एका जागी थांबली, वाकली, मूठभर वाळू उचलून तळहातावर दाबली. तेवढ्यात तिने मला पाहिलं.

वाळू तिने खाली टाकली. हात पदराला पुसले आणि त्या जागेपासून चार पावलं लांब येऊन एका दगडावर बसली.

"अक्का, नानाला मीच..."

"धुयानी गाडी कवय शे, भाऊ?"

"साडेपाचला."

"मंग निंघ. चुकी जाई."

मी पुढच्या वळणापाशी पोचून मागे पाहिलं. ती अजून दगडावरच बसली होती, माझी पाठ दिसेनाशी व्हायची वाट बघत.