जावयाच्या गाडीचे कागद

मला पाहायला पाहुणे आले होते तेव्हा त्यांनी माझी चौकशी मामाच्या गावापर्यंत केली होती. पायात काही दोष नाही ना म्हणून मला बैठकीतून दारापर्यंत चालायला लावलं, दात दिसावेत म्हणून उगाच हसवलं. माझ्या घरच्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. विचारपूस करूनच सोयरीक होते, म्हणाले. त्याच घरच्यांना जुनी गाडी घेताना एक साधा प्रश्न विचारायची लाज वाटली, आणि त्याचा मला अजून राग येतो.

बाबांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी सेवाग्रामला यावं लागतं. घर कारंजा घाडग्याला, म्हणजे एवढा लांबचा प्रवास एसटीने. मी बोरगाव मेघेत राहते, दवाखाना तिथून जवळच, पण लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही हा बाबांचा हट्ट. परतताना त्यांना बसमध्ये धड बसवत नाही. शेवटी धाकट्या भावाने ठरवलं, गाडी घेऊ. गाडी घरातच होती. माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा नागपूरला असतो, त्यांना आपली विकायचीच होती. एका रविवारी ते स्वतः गाडी आणून अंगणातल्या कडुलिंबाखाली उभी करून गेले. आठ दिवस चालवून पाहा म्हणाले. नवी कोरी सीट कव्हरं, नवा स्टिरिओ, आत अत्तराचा घमघमाट. भावाने बाबांना मागच्या सीटवर बसवून फोटो पाठवला. बाबांनी पाय लांब केले होते. किती दिवसांनी ते फोटोत हसताना दिसले.

मी भावाला फोन केला. म्हटलं, गाडीचा मागचा हिशोब पाहिला का? कुठे ठोकली होती का, सर्व्हिसिंग वेळेवर झालं का, काय काय बदललं?

"ताई, जवाई आहे तो आपला," भाऊ म्हणाला. "जवायाले कागद मागते का कोनी?"

"काऊन नाई मागायचे? कागद गाडीचे मागून राह्यली मी, त्यांचे नाई."

मग फोन बाबांकडे गेला. बाबा हळू आवाजात म्हणाले, "जाऊ दे ना माय. उद्या पोरीले तिथं दोन शब्द आयकावं लागन."

पोरीला ऐकावं लागेल. हे एक वाक्य आमच्या घरात कुठल्याही प्रश्नाचं तोंड बंद करतं. दिवाळीला काय द्यायचं, बारशाला किती जणांना न्यायचं, सगळं या वाक्यावर ठरतं. आता गाडीचे ब्रेकही त्याच्यावर ठरणार होते.

जावईबापूंच्या कानावर काही गेलं असावं, कारण दोन दिवसांनी त्यांनी आपणहून पीयूसीचा कागद भावाच्या मोबाइलवर पाठवला. नवा, ताजा. भावाने तो मला विजयाने पुढे धाडला. खाजगी गाडीला पंधरा वर्षं होईपर्यंत तपासणीचा म्हणून एवढाच काय तो कागद. मी तारीख पाहिली, मंगळवारची होती. तपासणी नागपूरची. आणि मंगळवारी गाडी आमच्या अंगणात उभी होती. नागपुरात तिचा धूर तपासला जात होता तेव्हा तिच्या टपावर आई मूगवड्या वाळवत होती.

हे मी बोलून दाखवलं तर घरात सगळे हसले. नंबरपाटीचा जुना फोटो दाखवला की देतात कागद, सगळेच घेतात, असं भावाने मला समजावलं, जणू काही मीच अडाणी. मला हसू आलं नाही. न तपासलेल्या गाडीला तपासली म्हणून शिक्का मिळतो आणि त्या शिक्क्याच्या भरवशावर माझ्या बापाला बसवायचं, यात हसण्यासारखं काय होतं?

पुढच्या डायलिसिसला भाऊ बाबांना त्याच गाडीने घेऊन आला. दवाखान्याच्या फाटकापाशी गाडी थांबताना चाकातून किर्र आवाज निघाला. भाऊ म्हणाला, धूळ असेल. बाबांना आत मशीनवर लावलं आणि मी भावाला म्हटलं, आता बसून काय करायचं, चल. त्याला जवळजवळ ओढतच मी वर्ध्याला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर नेलं.

गाडी समोर होती, त्यामुळे काउंटरवरच्या मुलीने काही आढेवेढे न घेता जुनी नोंद काढून दिली. अपघात नव्हता. इंजिनही बरं होतं. मी जरा खजील व्हायच्या बेतात होते. मग शेवटच्या तिन्ही सर्व्हिसिंगच्या खाली तेच वाक्य दिसलं. पुढचे ब्रेक पॅड झिजले आहेत, ताबडतोब बदला, असं सांगितलं. ग्राहकाने नकार दिला. मेकॅनिकने चाक काढून दाखवलं. पॅड संपून लोखंडावर लोखंड घासत होतं.

स्टिरिओला पैसे होते. सीट कव्हरांना होते, अत्तराला होते. मला इतका संताप आला की तिथल्या तिथे जावईबापूंना फोन लावायला निघाले. भावाने हात धरला. "आधी बाबाले सांगू," म्हणाला. "गाडी वापस करून टाकू, झालं."

बाबांना मी पलंगाशी बसून सगळं सांगितलं. मला वाटलं, आता पुन्हा तेच वाक्य येईल.

"वापस नोको करू," बाबा म्हणाले. "आधी ब्रेक टाकून घे."

"बाबा, आपल्याले घ्यायचीच नाई आता ते गाडी."

"घ्यायची नसन तरी टाक. पोरगी बसते त्यात. तिचं लेकरू बसते."

इतके दिवस मी बाबांसाठी भांडत होते. ज्या पोरीला ऐकावं लागू नये म्हणून सगळे गप्प होते, ती वर्षभर त्याच गाडीत लेकराला मांडीवर घेऊन फिरत होती, हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

ब्रेक त्याच दिवशी बदलले, आमच्या खर्चाने. पण नोंदीत फोन नंबर जावईबापूंचा, त्यामुळे कामाचा मेसेज त्यांना गेला. दुसऱ्या दिवशी ते कारंज्याला हजर. विश्वास नसेल तर व्यवहार कशाला, असं उभ्या उभ्याच म्हणाले. ब्रेकबद्दल अवाक्षर नाही. आईने चहा केला, जाताना टॉवेल-टोपी दिली, वर मूगवड्यांची पिशवी. ते गाडी घेऊन गेले. सासरच्यांनी गाडीचं काम करून दिलं, असं आता ते कौतुकाने सांगतात म्हणे. ऐकलं की माझं टाळकं सरकतं.

बाबा पुन्हा एसटीने येतात. परवा मी त्यांना बसमध्ये बसवून दिलं. पाय आखडून, पुढच्या सीटची दांडी धरून ते बसले. मी खिडकीखाली उभी राहून पाण्याची बाटली वर दिली. त्यांनी ती मांडीवर ठेवली आणि खाली वाकून विचारलं, "धाकटीचा फोन आलता का?"

"आलता."

"ब्रेक बराबर लागते ना?"

"लागते, बाबा," मी म्हटलं. बस सुटली.