गळ्यातला भोवरा

आजकालची मुलं गळ्यावर डबीतला फेस फवारतात, तीन-तीन पात्यांचं यंत्र फिरवतात आणि तरीही कॉलरखाली लाल पुरळ घेऊन हिंडतात. मी काही बोलत नाही. म्हणजे बोलतो, पण ऐकतो कोण? म्हणून लिहायला बसलो. माझी शाळा तिसरीत सुटली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ माझ्याकडे मागू नका. गळ्याचं काय ते विचारा.

मी साठ वर्षं वस्तऱ्यानं दाढी करतोय. तोच वस्तरा, वडिलांचा. ते देशावरून काशीला आले तेव्हा एक पळी-पंचपात्र, एक घोंगडी आणि हा वस्तरा एवढंच घेऊन आले होते. पंचपात्र कोणी लांबवलं, घोंगडी कसरीनं खाल्ली, वस्तरा राहिला.

वडील गेले तेव्हा मी पंचविशीत होतो. स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. दहाव्या दिवशी मुन्शी घाटाच्या पायऱ्यांवर माझं क्षौर झालं. करणारा नाऊ त्या घाटावरचा सगळ्यात जुना. सगळे त्याला नाऊठाकूर म्हणत. त्यानं माझ्या कानामागे कापलं. मी ओरडलो तर म्हणाला, “वस्तरा सरळ आहे गुरू, डोकंच वाकडं आहे.” घाटावरचे सगळे हसले. बाप जाऊन दहा दिवस झालेत आणि लोक माझ्या डोक्याला हसताहेत! मी तसाच अर्ध्या भादरलेल्या डोक्यानं खाली उतरलो, ओंजळीत गंगेचं पाणी घेतलं आणि सगळ्यांसमक्ष म्हणालो, “तुझा वस्तरा माझ्या अंगाला पुन्हा लागणार नाही.”

तो म्हणाला, “बरं. उरलेलं अर्धं डोकं कोण करणार?”

ते त्याच्याकडूनच करून घ्यावं लागलं. शपथ त्यानंतर सुरू झाली, असं मी धरतो.

तर दाढी मी स्वतः करायला लागलो. शिकायची गरज मला वाटली नाही. आमचं बालपण घाटावर गेलेलं. दुसऱ्या गावची पोरं पतंग बघत मोठी होतात, आम्ही भादरली जाणारी डोकी बघत मोठे झालो. सकाळपासून यात्रेकरूंची रांग, चार थेंब थंड गंगाजल, वस्तरा टेकवायचा आणि खालून वर खरड-खरड ओढायचा, दाबून, दोन-दोनदा, तुळतुळीत होईपर्यंत. मी तेच गळ्याला केलं. थंड पाणी, खालून वर, दाबून, दोन-दोनदा. साबण कशाला? यात्रेकरूंना कुठे लावतात?

आठ दिवसांत माझा गळा पिकलेल्या टोमॅटोसारखा झाला. बारीक बारीक फोड, काहींच्या तोंडाशी पू. काही केस बाहेर यायचे सोडून आतल्या आत वळून रुतून बसलेले. मान वळवली की उपरणं घासायचं आणि डोळ्यांत पाणी यायचं. मग औषधं सुरू झाली. बायकोनं हळद लावली, पिवळा झालो. शेजारच्या शास्त्रीबुवांनी भस्म लावायला सांगितलं, राखाडी झालो. कोणी गंगेची माती सांगितली. ती वाळली आणि गळा हलवला की खपल्या पानात पडायला लागल्या. भोलेनाथाच्या गळ्यात विष राहिलं तरी त्याचा गळा नुसता निळाच झाला. माझ्या गळ्यानं सगळे रंग करून दाखवले.

पानात म्हणालो ते उगीच नाही. मी यात्रेकरूंच्या एका घरात आचारी होतो, वाढायचंही काम माझंच. दशाश्वमेधाच्या मागच्या गल्लीत महाराष्ट्रातून येणाऱ्या मंडळींसाठी एक काकू ते घर चालवायच्या. विधवा बाई, आवाज असा की गल्लीतला सांड बाजूला व्हायचा. त्यांच्याकडे नियम एकच: वाढणारा स्वच्छ दिसला पाहिजे. माणूस घरापासून इतक्या लांब येतो, पाण्याला भितो, जिन्याला भितो, पंड्याला तर फारच भितो. निदान ताटाला तरी त्यानं भिऊ नये.

एके दिवशी पंगत बसली होती. मी आमटी घेऊन वाकलो तशी एका गृहस्थांनी पानावर आडवा हात धरला.

“आमटी नको.”

“भात?”

“भातही नको. तुमच्या गळ्याला ते काय झालंय हो?”

“दाढी,” मी म्हणालो.

“दाढीनं असं होतं होय?” ते शेजारच्याकडे बघून म्हणाले. शेजारच्यानंही पान पुढे सारलं. मग त्याच्या शेजारच्यानं. पंगतीत हे खोकल्यासारखं पसरतं. अर्धी आमटी उरली.

काकूंनी मला मागच्या चौकात बोलावलं.

“पुढच्या सोमवारी पंचवीस पान आहे. सगळी सोवळ्यातली मंडळी. तोवर गळा बरा झाला पाहिजे. नाही झाला, तर मी दुसरा माणूस बघते.”

“मी नुसता स्वयंपाक करीन काकू. वाढू दे कोणालातरी.”

“आणि लोक स्वयंपाकघरात डोकावले म्हणजे? लपवून ठेवलेला आचारी दिसला तर विष घातलंय म्हणतील.”

“मग दाढीच करत नाही. आपोआप बरा होईल.”

काकूंनी कपाळावर हात मारला. “आठ दिवसांची दाढी घेऊन तू वाढायला आलास की पहिला प्रश्न काय येईल? सुतक आहे का! मग आमटीच काय, पाणीसुद्धा कोणी घ्यायचं नाही.”

खरंच होतं. आमच्या लोकांत वाढलेली दाढी म्हणजे घरात कोणीतरी गेलं. म्हणजे करावी तर महारोगी, न करावी तर सुतकी. घरी बायकोला सातवा महिना. तिसरी शिकलेल्या माणसाला काशीत दुसरी नोकरी कोण देतो? इथे तर वेद शिकलेलेही अंगणात बसून माशा मारतात.

सोमवारला नऊ दिवस होते. मी मुन्शी घाटावर गेलो. नाऊठाकूरकडे नाही, नुसता घाटावर. गंगा काही त्याच्या बापाची नाही. तो गिऱ्हाइकं बसवायचा त्या फळीसमोरून एकदा गेलो, मग परत आलो. तिसऱ्या फेरीला तो म्हणाला, “का हो महाराज, प्रदक्षिणा चाललीय?”

तो बनारसी बोलायचा, मी इथे मराठीत लिहितोय. शिव्या गाळल्यात, म्हणून त्याची वाक्यं जरा लहान दिसतील.

“हवा खातोय,” मी म्हणालो.

“गळा दाखव.”

“गळ्याला काय झालंय?”

“तेच विचारतोय. कोंबडी सोलली तरी याहून बरी दिसते.”

मी उपरणं वर ओढलं. ते घासलं आणि माझ्या तोंडून सूं निघाला. त्यानंतर अकड दाखवण्यात अर्थ नव्हता. तरी मी म्हणालो, “माझी शपथ आहे. तुझा वस्तरा लागणार नाही.”

“माझा कशाला? तुझा आण. शपथ माझ्या वस्तऱ्याची आहे, माझ्या हाताची नाही.”

“वडिलांच्या वस्तऱ्यात काही दोष नाही,” मी म्हणालो.

“तेच तर दाखवायचंय. अर्धा गळा मी करीन, डावा. उजवा तू कर, तुझ्या पद्धतीनं. तिसऱ्या दिवशी घाट बघेल.”

बनारसमध्ये अशा गोष्टीला नाही म्हणता येत नाही. पायरीवरचे भांग घोटणारेसुद्धा सरकून जवळ बसले.

मी वस्तरा आणला. नाऊठाकूरनं तो उघडून नखावर टेकवला, तोंड वाकडं केलं आणि चामड्याच्या पट्ट्यावर वीसएक वेळा फिरवला. मी महिन्यातून एकदा फिरवायचो, तेही आठवलं तर. मग त्यानं एका पोह्याच्या गाडीवाल्याकडून तांब्याभर ऊन पाणी मागवलं.

“डोक्याला थंड चालतं,” तो म्हणाला, “डोक्याखाली हाड आहे, कातडी आपोआप ताणलेली. गळ्याखाली काय आहे? ही वरखाली होणारी घाटी, आणि तुझी अकड.”

ऊन पाण्यात भिजवलेलं फडकं त्यानं गळ्यावर ठेवलं आणि आपली विडी संपेपर्यंत ते काढलं नाही. मग साबण, बोटांनी गोल गोल. पण त्याआधी त्यानं जे केलं ते मी कधी पाहिलं नव्हतं. कोरड्या बोटांनी त्यानं माझा गळा चाचपला, वरून खाली, खालून वर, कानाकडे. आंधळा दारं चाचपतो तसा.

“जबड्याखाली केस खाली जातात,” तो म्हणाला. “घाटीच्या खाली वर येतात. आणि इथे बाजूला गोल फिरतात. भोवरा आहे तुझ्या गळ्यात.”

“भोवरा डोक्यात असतो.”

“डोक्यातला सगळे बघतात. गळ्यातला कोण बघतो? तू सगळीकडे खालून वर ओढतोस. अर्धे केस उलटे कापले जातात, कातडीच्या आत शिरतात, आणि मग बाहेर यायला तिथेच भोक पाडतात.”

मग त्यानं डाव्या हाताच्या अंगठ्यानं कातडी ताणली आणि वस्तरा जवळजवळ झोपवून, केस जिकडे जातात तिकडे, नुसता सरकवला. दाबला नाही. बोटभर सरकवायचा, पुसायचा, पुन्हा बोटभर. एकदा फिरवलेल्या जागी पुन्हा नाही. मी म्हणालो, “थोडी खुंटं राहिलीत.”

“राहू दे. तुला लग्नाला जायचंय की वाढायला? दोन दिवसांच्या खुंटाला कोणी सुतक म्हणत नाही.”

शेवटी थंड पाणी, तुरटीचा खडा एकदाच फिरवला, आणि मी पुसायला गमछा उचलला तर माझ्या हातावर फटका. “घासू नको. टिपून घे. आईनं पोराचं तोंड टिपावं तसं.”

त्याच्याकडे बघून मी विचारलं, “एवढं कळतं तर स्वतः छातीपर्यंत दाढी कशी वाढवलीस?”

“हलवाई कधी मिठाई खातो का?”

मग उजवी बाजू मी केली. थंड पाणी, खालून वर, दाबून, दोनदा. आता सांगायला हरकत नाही, शेवटी शेवटी मी हात जरा हलका केला होता. त्याचं लक्ष होतं. “दाब, दाब,” म्हणाला, “लबाडी करू नको.”

तिसऱ्या दिवशी घाट जमला. मला पायरीवर बसवून लोकांनी माझी हनुवटी अशी वर धरली जणू बैल विकत घ्यायचा आहे. डावीकडे जुने डाग तेवढे, तेही बसत आलेले. उजवीकडे होळी. भांग घोटणाऱ्यांतला एकजण म्हणाला, “महाराज, तुमचा अर्धा गळा ब्राह्मणाचा आणि अर्धा वानराचा आहे.”

मी म्हणालो, “डावीकडे उजेड बरा होता.”

 माझा वस्तरा नाऊठाकूरनं माझ्याच हातात दिला आणि म्हणाला, “चाचप.” मी माझा गळा चाचपला. पंचवीस वर्षं ज्यातून गिळत होतो, तो गळा मला पहिल्यांदा कळला. त्यानंतर एक दिवसाआड त्याच्यासमोर बसून मी स्वतःच दाढी केली. चुकलं की तो खाकरायचा. त्याच्या खाकरण्यावर मी शिकलो. शाळेत मास्तर असे खाकरले असते तर मीही चौथी झालो असतो.

सोमवार आला. पंचवीस पान. गळ्यावर दोन-चार फिकट डाग, बाकी स्वच्छ. काकूंनी मला दारातच थांबवून गळा पाहिला, डावीकडून, उजवीकडून, आणि नुसतं “हं” म्हणाल्या. त्या हं वर नोकरी राहते की जाते ते मला कळलं नाही.

मी आमटी घेऊन निघालो. पहिल्या पानावर घेतली. दुसऱ्यावर घेतली. पाचव्या पानाला एक म्हाताऱ्या बाई होत्या, जाड चष्मा, नजर थेट माझ्या गळ्यावर. म्हणाल्या, “जरा वाका बरं.”

मी वाकलो.  काकू दारात उभ्या.

“गळा छान राहिलाय हो तुमचा,” बाई म्हणाल्या. “आमच्या ह्यांचं बघा, प्रवासात रोज खरडून काय करून घेतलंय. आमटी वाढा. अजून वाढा.”

शेजारी बसलेल्या त्यांच्या यजमानांनी खालमानेनं उपरणं सरकवलं. लाल टोमॅटो!

“तुम्ही कुठे करता दाढी?” बाईंनी विचारलं.

आता इथे खरं बोलायला हवं होतं. मी म्हणालो, “घरीच. आमच्या घराण्यातली विद्या आहे.”

काकू आत निघून गेल्या. माणूस बदलायचा असता तर त्या तिथेच उभ्या राहिल्या असत्या, एवढं मी त्यांना ओळखत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई नवऱ्याला घेऊन हजर. “दाखवा तुमची विद्या.” परक्याच्या गळ्याला वस्तरा लावायची माझी छाती नव्हती. मी त्यांना मुन्शी घाटावर नेलं आणि नाऊठाकूरच्या फळीवर बसवलं. बाईंनी सगळं त्यालाही सांगितलं. घराण्यातली विद्या, हे सुद्धा.

त्यानं यजमानांचा गळा चाचपला. माझ्याकडे बघितलं. आता घाटासमोर पाणउतारा होणार म्हणून मी खांदे वर घेतले.

“महाराज,” तो म्हणाला, “तुमच्या घराण्यात गरम पाणी कुठून आणतात?”

मी काकूंच्या स्वयंपाकघरात गेलो आणि तांब्याभर पाणी तापवून आणलं. दुसऱ्या दिवशीही नेलं. त्याचे हात थरथरायला लागून त्यानं फळी आवरली, तोवर दर सकाळी नेत राहिलो. त्यानं पुन्हा कधी मागितलं नाही आणि मी का आणतो ते कधी सांगितलं नाही. त्याच्या गिऱ्हाइकांच्या माना काशीत सगळ्यात स्वच्छ असायच्या, आणि पाणी माझं असायचं.

शपथ मात्र मी मोडली नाही. त्याचा वस्तरा मला लागला नाही तो नाहीच.