बाहेर पडण्याची बाजू

२४ जून २०१६ च्या शुक्रवारी सकाळी ब्रिटननं युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिल्याचं स्पष्ट झालं. रायपूरच्या ज्या हिंदी दैनिकात मी उपसंपादक होतो, तिथं दुपारी पहिल्या पानाची बैठक चालू असताना मामीचा फोन आला. तिनं एवढंच विचारलं, "पोट्टीले काढतीन का तिथून?"

आत्ताच काही सांगता येत नाही, असं मी म्हणालो.

पोट्टी म्हणजे माझी मामेबहीण, मामा-मामींची एकुलती मुलगी. तिचा नवरा गोव्याचा. आजोबांच्या जन्मनोंदीवर त्याला पोर्तुगालचा पासपोर्ट मिळालेला. पोर्तुगाल युरोपीय संघात, म्हणून त्याला इंग्लंडमध्ये राहायची आणि काम करायची मुभा. त्याची बायको म्हणून तिलाही. तो गोदामात कामाला, ती वृद्धाश्रमात. ब्रिटन बाहेर पडला की या मुभेचं काय होणार, हे त्या दिवशी कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी गणेशोत्सवात आमच्या मराठी मंडळानं वादविवादाला हाच विषय घेतला: ब्रिटननं बाहेर पडावं की नाही. मंडळाची जुनी पद्धत अशी की वक्त्यानं बाजू निवडायची नाही, मंचावर येऊन चिठ्ठी उचलायची. सगळे एकमेकांना ओळखतात, कोण काय बोलणार ते आधीच माहीत असतं, म्हणून ही सोय. दुसरा नियम मराठीचा. बोलण्यात हिंदी आलं की श्रोते ओरडतात. वेळेची घंटा माझ्याकडे असायची.

मामा छत्तीसगडच्या मंत्रालयातून निवृत्त झालेले. त्यांना 'बाहेर पडावं' अशी चिठ्ठी आली. ते चांगले बोलले. दुसऱ्या देशांच्या पासपोर्टवर येऊन बसलेल्यांनी आपापल्या घरी जावं, असंही म्हणाले.

मागून कुणीतरी ओरडलं, "भाऊ, आपल्याच पोट्टीले हाकलून राहिले का?"

हशा झाला. "चिठ्ठी बोलून राहिली बापा, मी नाही," मामा म्हणाले. पहिलं बक्षीस त्यांनाच मिळालं. घरी जाताना रिक्षात ते मामीला समजावत होते की पोरगी तिथंच राहील, उगाच जीव टांगणीला लावू नको. मामी बाहेर बघत होती.

२०१७ च्या गणेशोत्सवापर्यंत ब्रिटन बाहेर पडला नव्हता. समितीनं विषय तोच ठेवला. गोल बाजारातून रंगवून आणलेलं कापडी बॅनरही तेच, फक्त सालाच्या शेवटच्या आकड्यावर कागद चिकटवला. वक्ते कमी, श्रोते त्याहून कमी. कार्यक्रम संपल्यावर मामीनं पुन्हा विचारलं, "तिले काढतीन का मंग?" वाटाघाटी चालू आहेत, असं मी सांगितलं. कार्यालयातही आम्ही तेच छापत होतो. जुन्या बातमीतली तारीख बदलली की नवी बातमी तयार होई.

२०१८ मध्ये त्या कागदावर दुसरा कागद लागला. एक वक्ता उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये होता. त्याची पाळी बदलली आणि तो आला नाही. त्याच्या जागी कोण बोलणार, असं विचारल्यावर मामी उठली. त्याआधी ती कधी मंचावर गेली नव्हती. तिनं चिठ्ठी उघडली. 'बाहेर पडावं.'

अध्यक्ष हळूच म्हणाले, "वहिनी, दुसरी घ्या."

"काहून? मले हेच पायजे होती."

ती माइकपासून दूर उभी राहून बोलली. "छत्तीसगड राज्य वेगळं झालं तवा आम्ही भोपाळले होतो. सारे म्हणत, आता कसं होईन. काय झालं? भोपाळ आपल्या जागी हाय. नोकरदारांच्या वाटणीत ह्यांचं नाव इकडं आलं अन् मी माह्या घरी आली. सासूबाई तवा होत्या, त्यांचं मले करता आलं. वेगळं झालं की माणसं घरी येतात. त्यांनीबी व्हावं वेगळं. इतना टाइम काहून लावून राहिले?"

"काकू, हिंदी!" पोरं ओरडली.

"हव, हिंदी तर हिंदी. माही पोट्टी वापस येईन. मागची खोली झाडून ठेवली हाय मी."

पुढच्या रांगेतून मामा म्हणाले, "अवं, चिठ्ठीवर बोल."

"चिठ्ठीवरच बोलून राहिली."

तिचा प्रश्न दोन वर्षं मी भीतीचा समजत होतो. वेळ झाली तेव्हा मी घंटा वाजवली. परीक्षकांनी विषयांतराचे गुण कापले.

२०१९ मध्ये मंडळानं विषय बदलला. दिवाळीच्या सुमारास इंग्लंडहून निरोप आला की दोघांनाही कायम राहायची परवानगी मिळाली. मामांनी पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, पेढे वाटले. मी गेलो तेव्हा मामी स्वयंपाकघरात होती.

"म्हंजे आता काढत नाही तिले?"

"नाही."

"अन् ते बाहेर पडले तरी?"

"तरी नाही."

तिनं माझ्यासाठी चहा टाकला.

३१ जानेवारी २०२० च्या रात्री ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला. भारतात तेव्हा १ फेब्रुवारीची पहाट होती. त्या दिवशी केंद्राचा अर्थसंकल्प होता, त्यामुळे आमच्याकडे ती बातमी आतल्या पानावर गेली. त्याच महिन्यात मामीनं मागची खोली सिलतऱ्याच्या एका कारखान्यातल्या दोघा कामगारांना भाड्यानं दिली.