मामांनी पास केलेला सिनेमा

आमच्या सप्तापुरात पोरांनी कुठला सिनेमा बघावा हे सरकारी प्रमाणपत्रावर कधीच ठरलं नाही. ते माझ्या बायकोचे मामा ठरवायचे. मामा भूगोलाचे निवृत्त मास्तर. गल्लीतल्या कुणा पोरानं "हा बघू का?" विचारलं, की आईबाप मान वर न करता "मामांना विचार" म्हणायचे. मग मामा तो सिनेमा आधी स्वतः घरच्या टीव्हीवर बघायचे. दुपारी जेवून, इस्त्रीचा शर्ट खोचून, परीक्षेच्या हॉलवर ड्यूटी लागल्यासारखे ताठ बसून. मध्येमध्ये सिनेमा थांबवून पाठकोऱ्या कागदावर टिपणं काढायची, शेवटी लाल शाईत पास किंवा नापास लिहून खाली सही ठोकायची. मामी म्हणायच्या, "शाळेत एवढं मन लावून पेपर तपासला असतात, तर हेडमास्तर तरी झाला असतात!"

त्यांचं तपासणंही निराळं. देवाधर्माचा एक सिनेमा त्यांनी नापास केला, कारण त्यातला मुलगा बापावर दोन तास खेकसतो. भुताचा एक, जो बघून माझी गाळण उडाली होती, तो पास. "भूत प्रामाणिक आहे की हो, जावईबापू. सांगून येतं, घाबरवतं, जातं." रक्तामांसाचंही त्यांना वावडं नव्हतं. मनाशी खेळणाऱ्या सिनेमांची मात्र त्यांना धास्ती. तसला बघितला की ते संध्याकाळी मुद्दाम भाजीला जायचे. नेहमीच्या भाजीवाल्या अक्काच्या तराजूकडे आपली नजर संशयानं गेली, की सिनेमा नापास. "माझं हे होतंय, तर चौदा वर्षांच्या पोराचं काय होईल?"

चार वर्षांपूर्वी आमची मुलगी चौदाची असताना तिनं आणि मैत्रिणींनी असाच एक सिनेमा बघायचा हट्ट धरला. त्यातली आई गोड बोलून स्वतःच्या मुलीला वेडी ठरवत जाते. मामांनी तो दोनदा बघितला आणि चिठ्ठी माझ्या हातात दिली: 'पास. पण बापानं शेजारी बसायचं, आणि संपल्यावर तासभर बोलायचं.' मी विचारलं, बापानंच का? म्हणाले, "सिनेमात आईच खोटी निघते. मग आईनं समजावून काय उपयोग?"

त्या रविवारी उणकलला मित्राकडे पत्त्यांचा डाव होता. मी चिठ्ठी खिशात घातली, बायकोला "मामांनी पास केलाय" एवढंच सांगितलं आणि निघालो. मित्र वाट बघत होते, दुसरं काही कारण नव्हतं.

नंतर महिनाभर पोरगी आईच्या हातचं दूध वास घेऊन पीत होती. बायकोनं ते बघितलं आणि मला घेऊन थेट मामांकडे गेली. "मामा, तुम्ही बघितला होतात ना? असला सिनेमा लेकरांना दाखवायचा?"

मामांनी एकदाच माझ्याकडे बघितलं. मी खाली फरशीकडे. आमच्याकडे जावयाला चारचौघांत खोटं पाडत नाहीत. घरातल्या घरातही नाही.

"चुकलं गं माझं," ते म्हणाले. "वय झालं आता."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सिनेमे तपासणं बंद केलं. पोरं दोनचारदा येऊन परत गेली, मग यायची थांबली. मामा दुपारी झोपू लागले. पोरगी सावरली, आता तर आईनं उकळून दिलेला कडू कषाय, म्हणजे काढाही, नाक न मुरडता पिते. मी मात्र मामांच्या घरासमोरून जाताना स्कूटरचा वेग वाढवत राहिलो.

गेल्या रविवारी बायको मेथी निवडत होती, तेव्हा सगळं सांगून टाकलं. तिचे हात थांबले.

"आणि ते गप्प बसले?"

"हो."

"चार वर्षं?"

ती उठली, चपला घातल्या आणि चालू लागली. मीही मागोमाग गेलो, पण फाटकाच्या आत पाऊल पडेना. आतून बायकोचे हुंदके ऐकू आले, आणि त्यावर मामांचा आवाज, पोरांना दटावायचे तसाच:

"रडायचं काय त्यात? डोळे पूस आधी. आणि त्यांना आत बोलाव की. उन्हात उभं केलंस होय?"

मी फाटकातून आत जाऊन पायरीशी चपला काढायला वाकलो, आणि बराच वेळ तसाच वाकलेला राहिलो.