रिकाम्या खोल्यांच्या किल्ल्या

जोगेश्वरीत भाड्याने राहायला जागा शोधताना साठीचे एक एजंट भेटले. त्यांनी आधी पीजीतली एक कॉट दाखवली, मग वनआरके, शेवटी चाळीतली पोटमाळ्याची खोली. प्रत्येक ठिकाणी ते खिडकी उघडायचे, नळ सोडून बघायचे आणि गुडघे दाबत जमिनीवर बसायचे. दिवसभर फिरून मीही थकलो होतो.

"काका, चाळीतली आजच घेतो."

ते गुडघ्यांवर हात टेकवून उठले. "घे रे. आमचं घर एका खोलीचं, त्यात पोराचं नवीन लग्न. दुपारचा मी इथंच पडायचो."

कोपऱ्यातली चटई गुंडाळून त्यांनी काखेत धरली आणि किल्ली माझ्या हातात दिली. "दुपारी येत जा, काका," एवढंही माझ्या तोंडून निघालं नाही.